ऑपरेशनआधी खाटेवर कशाला?

महोदय,

आतड्याचे, यकृताचे मोठे ऑपरेशन ठरले की आपल्याकडे पेशंटला लगेच खाटेवर बसवतात. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘आता हिंडूफिरू नका’ असे बजावून जातो. नेमके हेच बाधते. बार्सिलोनातील २०१८च्या अभ्यासात जोखमीच्या रुग्णांकडून ऑपरेशनपूर्वी काही आठवडे व्यायाम करून घेतला. त्यांच्यात गुंतागुंत ३१ टक्के जणांना झाली, बाकीच्यांत ६२ टक्के.

शरीरात दाह असला, म्हणजे रक्तातले सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) वाढलेले आणि अल्ब्युमिन (रक्तातले मुख्य प्रथिन) घसरलेले असले, की स्नायू झिजतात. त्यात पडून राहणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. रिपोर्ट सगळे बघतात. ‘दोन जिने न थांबता चढता का?’ हे फार तर भूलतज्ज्ञ विचारतात, तेही आदल्या संध्याकाळी! श्वास ओढून तीन चेंडू उचलायचे, फुफ्फुसांच्या व्यायामाचे यंत्र ऑपरेशननंतर, टाके ओढत असताना हातात पडते. (पुष्कळ जण त्यात फुंकतच बसतात.) ते तारीख ठरते त्याच दिवशी द्यावे.

सरकारी रुग्णालयांत तारखेची वाट पाहण्यात आठवडे जातातच. तेवढ्यात फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी द्यायला काय हरकत आहे? तातडीच्या ऑपरेशनची गोष्ट अर्थात वेगळी.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली