विकास बँक हवीच

संपादक महाशय,

कालच्या अंकातले विकास बँकांवरचे स्फुट वाचून राहवले नाही. गल्लोगल्ली बँका असताना सरकारने उद्योगांना लांब मुदतीची कर्जे देणारी वेगळी विकास बँक कशाला पोसावी, असा स्फुटकारांचा प्रश्न आहे. त्यांनी एकदा गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात यावे.

माझ्या धाकट्या भावाने वाळपईजवळ काजू प्रक्रियेचा लहान कारखाना काढायचे ठरवले. बॉयलर, ड्रायर, बी फोडायची यंत्रे, सगळे मिळून दहा लाखांच्या आत. बँकेने पहिल्याच भेटीत तारण मागितले. आमचे घर मुंडकारीचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरचे; एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यावर नाव भाटकाराचे, जमीनमालकाचे. सूक्ष्म व लघु उद्योगाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा २०१० पासूनचा नियम भावाने दाखवला, तर ‘वर विचारून सांगतो’ म्हणाले. काजूच्या बिया मार्च ते मे या काळात येतात, वर्षभराचा माल तेव्हाच भरून ठेवावा लागतो. कर्ज मंजूर झाले तोवर पाऊस लागला होता. वर अट अशी की हप्ता पुढच्याच महिन्यापासून. माल नाही, विक्री नाही, तो हप्ता कुठून भरणार? भावाने कर्ज घेतलेच नाही. आमच्या बिया आजही कच्च्याच व्यापाऱ्याकडे जातात.

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. लोकांच्या एक-दोन वर्षांच्या ठेवींवर चालणारी बँक सात-आठ वर्षे थांबायला कचरतेच. ते थांबणे हेच विकास बँकेचे काम. त्यासाठीच १९४८ मध्ये आयएफसीआय आणि १९६४ मध्ये आयडीबीआय या सरकारी विकास बँका निघाल्या. त्यांनी दिलेली कर्जे थकली, हे खरे आहे. पण कारभार सुधारायचा सोडून २००४ मध्ये आयडीबीआयची चारचौघींसारखी व्यापारी बँक करून टाकली! मग वीज आणि रस्त्यांच्या प्रकल्पांना लांब मुदतीची कर्जे सरकारी व्यापारी बँकांनी दिली आणि त्यातली कितीतरी बुडीत गेली. शेवटी २०२१ मध्ये केंद्राला २० हजार कोटींचे भांडवल घालून नॅबफिड ही नवी विकास बँक काढावी लागली. गरज संपली असती तर ही कशासाठी काढली, हे स्फुटकारांनी सांगावे.

अर्थात नॅबफिड पायाभूत सुविधांसाठी आहे, आमच्यासारख्यांसाठी नाही. लघुउद्योगांसाठी १९९० पासून सिडबी ही विकास बँक आहे, पण तिचा बराचसा पैसा इतर बँकांमार्फत येतो. म्हणजे माझा भाऊ फिरून त्याच टेबलासमोर. थेट कर्ज देणारा विकास बँकेचा माणूस तालुक्याच्या गावी बसायला हवा. त्याने उताऱ्याआधी धंदा तपासावा आणि पहिली विक्री होईपर्यंत हप्ता मागू नये. गोव्यातल्या बँकांत ठेवींचा डोंगर आहे, त्या मानाने इथे दिलेले कर्ज फारच कमी. याचे वाईट वाटते.

आणखी एक. मोसमात तुम्ही काजू बियांचे दर छापत होता, ते गेल्या वर्षापासून दिसत नाहीत. व्यापारी सांगेल तो भाव मुकाट्याने घ्यावा लागतो. ते दर कृपया पुन्हा सुरू करा.

– एक बागायतदार, वाळपई-सत्तरी