बातमीखाली जीआरचा संकेतांक छापा

मा. संपादक,
स. न.

सरकारी बातमी वाचली की गल्लीतली माणसे कात्रण घेऊन माझ्याकडे येतात. पंचायत समितीत आस्थापनेच्या टेबलावर एकतीस वर्षे काढल्यामुळे सरकारात काय चालले आहे ते मला ठाऊक असणारच, असा त्यांचा समज. मला काहीही ठाऊक नसते. मी संगणक उघडतो, मूळ शासन निर्णय, म्हणजे जीआर, शोधतो आणि वाचून दाखवतो. त्यात कधी पाच मिनिटे जातात, कधी अख्खी दुपार. ही दुपार वाचवणे आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

जुलै २०२४ ची गोष्ट. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा पहिला शासन निर्णय २८ जूनचा. वय २१ ते ६०, कुटुंबाची शेती पाच एकरांपेक्षा जास्त नको, अधिवास दाखला हवा आणि अर्जाची मुदत १ ते १५ जुलै. दाखल्यासाठी सेतू केंद्रांपुढे रांगा लागल्या. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात दुरुस्ती निघाली. वयाची मर्यादा ६५ झाली, शेतीची अट गेली, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली आणि अधिवास दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला यांतले एक चालेल असे ठरले. आमच्या शेजारच्या काकू त्यानंतरही दोन दिवस दाखल्याच्या रांगेत उभ्या होत्या. पिशवीत जुने रेशनकार्ड होते आणि त्याच पिशवीत पहिल्या निर्णयाच्या बातमीचे कात्रणही होते. बातमी खोटी नव्हती. ती कोणत्या तारखेच्या निर्णयाची आहे, एवढेच तिच्यात कुठे लिहिलेले नव्हते.

दुसरी गफलत याहून जुनी आहे. मंत्रिमंडळाच्या बैठकीत निर्णय झाला की दुसऱ्या दिवशी मथळा येतो, 'अमुक मिळणार'. वाचक कार्यालयात जातो आणि टेबलावरचा कारकून म्हणतो, "जीआर आलेला नाही." वाचकाला वाटते, हा टोलवतोय. मी त्या खुर्चीत बसलेलो आहे. जीआर हातात नसताना कारकून कागद पुढे सरकवू शकत नाही. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की त्याचाच खुलासा मागतात. मंत्रिमंडळाचा निर्णय झाल्यावर संबंधित विभाग शासन निर्णय काढतो. त्यात अटी येतात, कागदपत्रांची यादी येते, पैसे कोणत्या लेखाशीर्षातून जाणार ते येते. मधल्या काळात काही दिवस जातात, कधी काही महिने. बातमीत 'शासन निर्णय अद्याप निघालेला नाही' एवढे पाच शब्द असते तर एसटीचे भाडे वाचले असते आणि त्या कारकुनाने खाल्लेल्या शिव्याही.

आता मुद्द्याची मागणी. राज्य सरकारच्या जवळजवळ प्रत्येक जीआरच्या शेवटी अठरा आकडी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस, त्यामुळे नुसत्या नजरेने तारीख कळते. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांचे पान आहे, तिथे हा संकेतांक टाकला की नेमका तोच कागद उघडतो. संकेतांक नसेल तर विभाग ओळखा, तारखांचा अंदाज बांधा, विषयातला एखादा शब्द टाका आणि तो शब्द त्यांनी ऱ्हस्व लिहिला की दीर्घ याचे नशीब आजमावा. माझी दुपार जाते ती इथे. तेव्हा शासन निर्णयावरची बातमी छापताना तिच्याखाली विभागाचे नाव, तारीख आणि संकेतांक द्यावा. अर्धी ओळही लागत नाही. राशिभविष्यात रोजचा शुभरंग छापायला आपल्याकडे जागा निघते, ही आठवण करून देतो.

मूळ कागद समोर असला की भांडणही नीट होते. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा 'अनिवार्य' होती. १७ जूनच्या सुधारित आदेशात त्या जागी 'सर्वसाधारणपणे' आले आणि हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थी हवेत अशी अट आली. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द केल्याचे जाहीर झाले. त्या बारा दिवसांत आमच्या कट्ट्यावर जो वाद झाला त्यात दोन्ही बाजूंचा आवाज मोठा होता, पण 'सर्वसाधारणपणे' हा शब्द कुणाच्याच तोंडी नव्हता. माझे त्या प्रश्नावर मत आहे, ते इथे सांगत नाही. आदेश दोन-तीन पानांचा होता, एवढेच सांगतो.

जिज्ञासू वाचकासाठी जीआरमधला सर्वांत रंजक भाग वरच्या बाजूला असतो. तिथे 'वाचा' असे लिहून खाली आधीच्या निर्णयांची यादी दिलेली असते. ती एकेक करून उघडत मागे जावे. आजची योजना दहा वर्षांपूर्वी कोणत्या नावाने होती, अट कधी शिरली, कधी गळली, सगळा वंशवेल सापडतो. फोनवर फिरणारी बनावट परिपत्रकेही पटकन उघडी पडतात. संकेतांक टाकल्यावर काहीच उघडत नसेल किंवा दुसऱ्याच विभागाचा कागद येत असेल, तर पत्रावर सिंहमुद्रा कितीही ठळक असो, ते पुढे पाठवू नये.

भाषेची अडचण खरी आहे. 'अनुज्ञेय', 'विहित', 'यथास्थिती', 'अधिक्रमित' या शब्दांपाशी चांगला शिकलेला माणूसही थबकतो. 'अधिक्रमित' म्हणजे जुन्या निर्णयाची जागा नव्याने घेतली. बातमीत त्याचे नुसते 'रद्द' होते आणि योजनाच बंद झाली म्हणून ओरड सुरू होते. भाषा संचालनालयाचे शासन व्यवहार कोश आणि परिभाषा कोश आता संगणकावर शब्द टाकून पाहता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला तो मराठी विश्वकोशही पूर्ण फुकट वाचता येतो. 'अध्यादेश' किंवा 'राज्यपाल' ही नोंद वाचायला दहा मिनिटे लागतात.

२०२५ च्या सप्टेंबरात 'हैदराबाद गॅझेट' सगळ्यांच्या तोंडी होते आणि वृत्तपत्रांतही गॅझेट आणि गॅझेटिअर एकच होऊन बसले. गॅझेट म्हणजे राजपत्र. अधिनियम, अध्यादेश, अधिसूचना त्यात प्रसिद्ध होतात. गॅझेटिअर म्हणजे एखाद्या प्रदेशाचा भूगोल, इतिहास, लोक, शेती, व्यापार सांगणारा ग्रंथ. राज्याच्या दर्शनिका विभागाने मुंबई इलाख्याचे जुने आणि नंतरचे जिल्हावार असे कितीतरी खंड संकेतस्थळावर ठेवले आहेत. मी माझ्या जिल्ह्याचा खंड उघडला तो एका तालुक्याचे पर्जन्यमान बघायला, आणि रात्री बारापर्यंत जुन्या बाजारपेठांची वर्णने वाचत बसलो. पर्जन्यमान पाहायचे राहूनच गेले.

केंद्राच्या बातम्यांचीही तीच गत. पत्र सूचना कार्यालयाची प्रसिद्धिपत्रके मराठीतही मिळतात, केंद्रीय कायदे 'इंडिया कोड' या संकेतस्थळावर आहेत. विधेयक संसदेत मांडले गेले, मंजूर झाले, की राष्ट्रपतींच्या संमतीनंतर अधिनियम झाले, हे बातमीत मोघम असते. 'कायदा आला' हा मथळा या तिन्ही टप्प्यांवर मी वाचलेला आहे, एकाच विधेयकासाठी.

एका परिचित वार्ताहराला हे बोललो तर तो हसला. "काका, संकेतांक टाकून बघणार कोण?" शंभरांत एक बघेल. वाचनालयातला एखादा, तलाठी कार्यालयाबाहेर अर्ज लिहून देणारा एखादा, माझ्यासारखा रिकामटेकडा एखादा. बाकीचे त्याला विचारतील, आजही विचारतातच. शिवाय संकेतांक छापायचा म्हटले की बातमी लिहिणाऱ्याला आधी स्वतः तो कागद उघडावा लागेल. मला मोह आहे तो याचाच.

पत्रासोबत गेल्या महिन्यातल्या आपल्या अंकांतली सहा कात्रणे जोडली आहेत. चारांच्या मागे संकेतांक पेन्सिलीने लिहिला आहे. त्यांतल्या एका बातमीत अर्जाची शेवटची तारीख चुकली आहे, तिथे खूण केली आहे. उरलेल्या दोन बातम्यांत 'शासनाचा निर्णय' असे छापले असले तरी हे पत्र टपालात टाकेपर्यंत त्यांचे जीआर निघालेले नाहीत.

आपला,
एक निवृत्त कर्मचारी आणि रोजचा वाचक