तिसरी रांग

सांगली,
१० ऑगस्ट

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

काल राखीला साताऱ्याला आलो नाही, त्यावरून ताईने फोनवर जे सुनावलं ते सगळं कबूल. कार्यक्रमाची तारीख माझ्या हातात नव्हती. पुढच्या रविवारी येतो, तेव्हा उरलेलं सुनावू दे. भडंगाचे दोन पुडे आणतो, एक बिनलसणाचा.

घराची काळजी नको. कृष्णा पात्रात आहे. संध्याकाळी आयर्विन पुलापर्यंत माझी फेरी असतेच, २०१९ सारखं काही दिसत नाही. थोरला, म्हणजे माझा डबल बास, तसाही वरच्या मजल्यावर, तुमच्या कपाटाशेजारी उभा असतो. आई, तुझी तुळस ठीक आहे. जास्वंदीला मात्र मावा पडलाय, राखेने जाईना. तुमची सून आता कडुनिंबाचं पाणी मारतेय.

हे पत्र जास्त करून बाबांसाठी. बाबा, फोनवर तुम्ही "हां, हां" म्हणता आणि मग आईला विचारता, "काय म्हणाला?" मग आई तिला पटेल तेवढंच सांगते. म्हणून मोठ्या अक्षरात लिहायला बसलोय. ताईला वाचून दाखवायला सांगू नका, तुम्हीच भिंग घ्या.

कालचा कार्यक्रम त्याच हॉलमध्ये होता. १९९१ साली तुम्ही दोघं तिसऱ्या रांगेत बसला होतात, तोच. खुर्च्या नव्या आल्यात, पंखे तेच, घरघर तीच. तेव्हा मी थोरल्याला मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या ब्रेकव्हॅनमध्ये घालून आणलं होतं आणि हमालाने "कपाट कुठं ठेवायचं?" असं विचारलं होतं, आठवतंय? अडीच तास उभा राहून वाजवलं. रात्री जेवायला बसलो, तर तुम्ही म्हणालात, "दिसलास. ऐकू मात्र आला नाहीस." आणि ताक मागितलंत.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. मला ते फार लागलं. बँकेची चांगली नोकरी असताना सुट्टीच्या दिवशी हे नसते उद्योग करतो, असा टोमणा आहे असंच मी धरून चाललो. आईने तर भर घातली होती: "त्या चपट्या गिटारीतून हाच आवाज निघतो ना रे? ती निदान एस्टीत मावते." आई, तुझं म्हणणं चुकीचं नव्हतं. फेंडर कंपनीने १९५१ मध्ये ती चपटी बास गिटार बाजारात आणली आणि नंतर कितीतरी वाजवणाऱ्यांनी थोरले कोपऱ्यात उभे केले, तेही याच हिशेबाने. मुंबईत तर पुढे कीबोर्डने चपटी आणि उभी, दोघींचीही कामं खाल्ली. मला ते जमलं नाही, एवढंच. वांद्र्याच्या गोवेकर अंकलनी बोट धरून पहिल्यांदा ती जाड तार ओढायला लावली, तेव्हा लाकूड माझ्या बरगडीशी थरथरलं होतं. ते एकदा लागलं की सुटत नाही.

तर त्या ताकानंतर मी तुम्हाला ऐकू येण्याच्या मागे लागलो. तुम्हाला हे कधी बोललो नाही.

पहिली काही वर्षं माइकच. समोर उभा केला, तर तबला आणि हार्मोनियम त्यात आधी घुसायचे आणि थोरला मागे राहायचा. मग माइकला स्पंज गुंडाळून तो घोडीच्या, म्हणजे तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीच्या, खाली तारांच्या मागे खोचायचा, ही सगळ्या जुन्या लोकांची युक्ती. आवाज वाढवला की स्पीकरमधून बाहेर पडलेलं परत थोरल्याच्या पोटात शिरायचं आणि तो आपला आपण वाजू लागायचा. गायकाचा माइक शिट्टी मारतो. आमचा शिट्टी मारत नाही, रेड्यासारखा रेकतो. आई, तुझं जुनं हिरवं पातळ मी मागून नेलं होतं ना, ते त्याच्या पोटावरच्या फटींत कोंबायला. तू समजलीस पुसायला. त्या पातळाने बरीच वर्षं माझी अब्रू राखली.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. १९४० च्या दशकात अमेरिकेत एव्हरेट हल नावाचा थोरला वाजवणारा होता. थोरला जमिनीवर ज्या दांड्यावर उभा राहतो, त्या दांड्याच्या वरच्या टोकाला त्याने माइक बसवला आणि दांडा आत सरकवून दिला. पोटातच माइक! त्या 'ॲम्प्लिफाइड पेग'चं पुढे ॲम्पेग झालं आणि त्या नावाची मोठी कंपनी उभी राहिली. तुमच्या लेथवर सकाळच्या पाळीत झालं असतं ते काम.

१९९८ ला माइकच्या जागी पिकअप आला, थेट घोडीतून आवाज उचलणारा. परदेशात जाणाऱ्या एका मित्राकडून मागवला, दोन महिन्यांचा पगार गेला. त्यातलं तत्त्व आईच्या ओट्यावर आहे: गॅसचा लायटर. खटका दाबला की आतल्या स्फटिकावर दाब पडतो आणि ठिणगी उडते. दाब दिला की वीज, हे क्युरी भावांनी १८८० मध्ये दाखवलं. तसलाच चिमुकला तुकडा घोडीत बसवायचा. तार थरथरली की घोडी दाबते, तो वीज देतो. मी मोठ्या ऐटीत तो थेट मिक्सरला जोडला. आवाज आला तो गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा. खालचे सूर गायब, नुसती टकटक. वर्षभर मी पिकअपला शिव्या दिल्या. मग एका रेकॉर्डिंगच्या माणसाने सांगितलं, "अहो, बोअरला पाणी चार बोटं आणि तुम्ही त्याला तीन इंची पाइप लावलाय. धार कशी लागणार?" त्या स्फटिकातून वीज निघते ती अगदी नाजूक, मिक्सर ती ओढून टाकतो, आणि आधी बळी जातात ते खालचे सूर. मध्ये एक डबी लागते, तिचा इनपुट दहा मेगाओहमचा, म्हणजे वीज जवळपास न ओढणारा. डबी लावली त्या दिवशी थोरला परत माणसात आला.

बाकीचं हळूहळू कळत गेलं. ॲम्प लाकडी स्टेजवर ठेवायचा नाही, पोकळ स्टेज ढोल होतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवायचा. प्रत्येक थोरल्याचा एक उन्मत्त सूर असतो. माझ्याचा ए तारेवरचा सी, सेकंदाला ६५ थरथरींच्या आसपास, तिथे तो नेहमी उधळतो. तेवढाच सूर चिमटीत धरून दाबायचा. पण तारांच्या उंचीचं सांगायला हवं. पूर्वी ऐकू यावं म्हणून तारा उंच ठेवायच्या आणि बोटांची सालं काढून वाजवायचं. ॲम्प आला तशा तारा खाली आल्या. आता डाव्या अंगठ्याचं मूळ दुखतं, डॉक्टर म्हणतात झीज आहे, तर तारा खाली आहेत म्हणूनच अजून वाजवतोय. आणि त्या खाली-वर होतात त्या तुम्ही १९९४ ला करून दिलेल्या पितळी चकत्यांवर. घोडीचे दोन्ही पाय कापताना माझा जीव वर आला होता. तुम्ही मात्र पट्टी लावलीत, पेन्सिलीने रेघ मारलीत आणि म्हणालात, "धर घट्ट." एकतीस वर्षं झाली. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा वर येतात, तेव्हा पाऊण आटा खाली. मार्चमध्ये पाऊण आटा वर. घरातल्या दिनदर्शिकेपेक्षा त्या चकत्यांवर माझा भरवसा जास्त.

मध्यंतरी मी त्या काढल्या होत्या, हेही आज सांगून टाकतो. चकतीच्या आतच पिकअप बसवलेला असतो असा प्रकार मिळतो, तो घातला होता. चार वर्षं छान चालला, यंदा जूनमध्ये कुरकुरायला लागला. त्यातच आतला खांब, म्हणजे पोट आणि पाठ यांच्यामध्ये नुसता दाबाने उभा असतो तो, घसरला. मिरजेला तंबोऱ्याच्या कारागिराकडे नेला. त्याने आत बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, "तंबोऱ्यात असली भानगड नसते." तरी छत्रीची काडी वाकवून तासाभरात खांब जागेवर नेला. मग घोडीच्या पायाखालून पोस्टकार्ड सरकवलं, ते एका बाजूने आरामात गेलं. "पाय टेकलाच नाही हो तुमचा," म्हणाला. पॉलिश पेपर पोटावर उलटा धरून पाय घासला, पुन्हा पोस्टकार्ड, पुन्हा घासला. जवारी लावताना जसं एक-एक फटकारा मारून ऐकतात, तसं. कुरकुर निम्मी गेली. उरलेली निम्मी पिकअपचीच होती, म्हणून तो काढला आणि तुमच्या चकत्या परत बसवल्या. जुना १९९८ चा पिकअप घोडीच्या फटीत, आणि पातळाच्या जागी आता स्पंज.

आता काल. साउंडवाला पोरगा तेवीस-चोवीसचा, कानात बाळी, पण ऐकणारा. दुपारी हॉल रिकामा. मी त्याला म्हटलं, "तू वाजव, मी खाली जाऊन ऐकतो." तो घाबरला. "काका, नुसती जाड तार ओढू?" म्हटलं, तीच ओढ. बाबा, चाळीस वर्षांत मी थोरल्याच्या समोर कधी उभाच राहिलो नव्हतो. कायम मागे, त्याला मिठी मारून.

पहिल्या रांगेत तो पोटात बसत होता. दुसरीत पातळ झाला. तिसऱ्या रांगेत, डावीकडून पाचव्या-सहाव्या खुर्चीत बसलो आणि आवाज नाही. पोरगा ओढतोय ते दिसतंय, तार हलतेय, खुर्चीच्या हाताला मुंग्या येताहेत, पण कानाला काही नाही. मी ओरडलो, "वाजव की!" तो म्हणाला, "वाजवतोय की!" उठून पाचव्या रांगेत गेलो, तर तो परत आला, तोही दुप्पट फुगून.

हिशेब तुम्हीच करा. खालची तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते, म्हणजे लेथच्या भाषेत मिनिटाला जवळपास २४७० फेरे. त्या सुराच्या एका लाटेची लांबी २७ फूट. स्टेजवरून जाणारी लाट आणि मागच्या भिंतीवर आपटून परतणारी लाट समोरासमोर येतात. एक ढकलते तिथे दुसरी ओढते, की दोघी मिटल्या. तिथून पाव लाट सरकलं की दोघी मिळून ढकलतात. २७ चा पाव हिस्सा पावणेसात फूट. तिसऱ्या रांगेपासून पाचवीपर्यंत मी पावलांनी मोजलं: सहा आणि थोडं. शिवाय १९९१ ला तिथे ते उभे कॉलमचे स्पीकर होते, त्यांतून ४१ निघणं शक्यच नव्हतं.

म्हणजे तुम्ही टोमणा मारलाच नव्हता. ड्रॉइंगमध्ये माप चुकलं की तुम्ही जसं सांगायचात, तसं सांगितलं होतंत. मी चौतीस वर्षं रुसून बसलो.

मग काल मी ४१ ला हात आखडता घेतला आणि त्याच्या वरच्या ८२ आणि १२३ ला वाट मोकळी केली. तेवढे ऐकू आले की खालचा सूर कान आपला आपण भरून काढतो. पोरगा तिसऱ्या रांगेत जाऊन बसला आणि त्याने अंगठा दाखवला. कार्यक्रम बरा झाला. गायिकेचा गळा थोडा बसला होता, निवेदक नेहमीप्रमाणे लांबला.

ताईने तुमच्या कानाच्या तपासणीच्या कागदाचा फोटो पाठवला. तिला वाटलं मला कळणार नाही. बाबा, असल्या रेघा बघण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. तुमची रेघ सेकंदाला २५० थरथरींच्या सुराला तीस डेसिबलवर आहे आणि ४००० ला पंच्याहत्तरवर, यवतेश्वरचा घाट उतरल्यासारखी. वय झालं की वरचे सूर आधी जातात. आई बोलते ते कळत नाही याचं कारण हेच: स, श, त, क सगळे वर राहतात, तिकडे तुमचा रस्ता खचलाय. आई, मुद्दाम करत नाहीत ते. निदान दरवेळी नाही. तू ओरडू नकोस, समोर बसून सावकाश बोल. आणि बाबा, कानाचं मशीन टेबलाच्या खणात ठेवून काही होणार नाही.

पण खालची बाजू शाबूत आहे. त्यांचा कागद २५० ला सुरू होतो; माझी सगळ्यात बारीक तारसुद्धा मोकळी सोडली तर ९८ ला आहे. आम्ही सगळेच त्या कागदाच्या डावीकडे, समासात राहतो. दिवाळीत थोरला घेऊन येईन. ॲम्प नाही, डबी नाही. ताईला सांगा, पुढच्या खोलीतला दिवाण भिंतीकडे सरकवावा लागेल. तुम्ही खुर्चीत बसा आणि तळवा त्याच्या पाठीवर टेकवा.

एक काम आहे. चकत्यांपैकी डावीकडचीचा दांडा झिजलाय, नवा करून घ्यायचा आहे. इथल्या वर्कशॉपमधला मुलगा म्हणतो, ८ एमएम आहे. त्याने एम ८ चा नट लावून पाहिला, तर दोन आट्यांत अडकला. मी म्हटलं जबरदस्ती करू नकोस, आधी बाबांना विचारतो. जुन्या इंची मापाचे ५/१६ व्हिटवर्थ आहेत ना? इंचाला अठरा आटे? लिहूनच कळवा, फोनवर नको.

तुमचा,
धाकटा