डॉक्टर, मन्या तुमच्यामुळे घरी आहे

आदरणीय डॉक्टर,

माझ्या बोक्याला, मन्याला, घरी सोडलंत त्या दिवशी तुमच्याशी धड बोलताच आलं नाही. तोंड उघडलं की रडू फुटत होतं, म्हणून नुसते हात जोडले आणि कॅरियर उचलून निघाले. आज अकरावा दिवस. आता लिहिता येईल असं वाटतंय.

तुमच्याकडे आणलं त्याच्या आदल्या दिवसापासून मन्या सारखा लिटरच्या, म्हणजे त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता. उकरायचं, जोर करायचा, कण्हायचं, बाहेर यायचं, की पुन्हा आत. ट्रे मात्र कोरडा ठणठणीत. आधी ज्यांच्याकडे नेलं त्यांनी मानगूट धरून त्याला कॅरियरमधून ओढून काढलं, टेबलावर ठेवलं आणि पोटाला हातही न लावता बद्धकोष्ठ आहे म्हणाले. दोन दिवस वाट बघा. ट्रे कोरडा आहे हे मी दोनदा सांगितलं. ‘मांजरं नाटकं करतात हो,’ एवढंच उत्तर मिळालं. एका ओळखीच्या बाईंनी तर दुखतंय म्हणून अर्धी पॅरासिटामॉल द्यायला सांगितली. ती मांजराला विषासारखी असते हे मला ठाऊक होतं, नाहीतर त्या घाबरलेल्या अवस्थेत मी दिलीही असती.

बोक्याचा मूत्रमार्ग मुळातच अरुंद. त्यात खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि हृदय बंद पडू शकतं, हे तुम्ही नंतर मला समजेल अशा भाषेत सांगितलंत. ‘दोन दिवस वाट बघा’ म्हणजे काय होतं, ते मला तेव्हा कळलं. तो राग अजून गेलेला नाही.

कॅथेटर, सलाईन, तीन रात्री, या सगळ्याबद्दल मी ऋणी आहेच. पण मला राहून राहून आठवतात त्या पहिल्या दोन मिनिटांतले तुम्ही.

तुम्ही दार लोटलंत, डोक्यावरचा मोठा दिवा बंद केलात आणि सरळ जमिनीवर बसलात. मी सवयीने कॅरियरचं दार उघडून मन्याला बाहेर काढायला लागले, तर म्हणालात, ‘राहू दे, त्याला नका काढू.’ मग चारही बाजूंच्या क्लिपा एकेक करून सोडवल्यात आणि वरचं झाकणच अलगद उचललंत. मन्या खालच्या अर्ध्या भागात, माझ्या जुन्या ओढणीवर, होता तसाच बसून राहिला. ओढणीचं टोक तुम्ही त्याच्या डोक्यावर ओढलंत आणि मग हात हळूच त्याच्या पोटाखाली सरकवलात. तो गुरगुरला नाही, फिस्कारला नाही. तुम्ही क्षणभर थांबलात आणि म्हणालात, ‘लघवी तुंबलीय, लगेच आत घेतो.’ उठता उठता माझ्याकडे वळून, ‘वेळेवर आणलंत.’

त्या दोन शब्दांनी मला केवढा आधार दिला, तुम्हाला कल्पना नसेल. आदल्या दिवसापासून मी स्वतःलाच दोष देत होते.

तिसऱ्या दिवशी भेटायला आले तेव्हा तुम्ही पिंजऱ्यासमोर उभे होतात. त्याच्याकडे बघून डोळे सावकाश मिटत होतात, सावकाश उघडत होतात. आणि माझा मन्या, नळ्या लावलेला, तुम्हाला तसंच उत्तर देत होता. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली हेच तपासून मांडलं होतं. अशी सावकाश पापणी मिटवून बघितलं की मांजरंही डोळे बारीक करतात आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळ यायला अधिक तयार होतात. मी ते वाचलेलं होतं. पण दिवसभर एवढे पेशंट बघून थकलेला माणूस एका बोक्यासाठी तेवढं थांबतो, हे पहिल्यांदाच पाहिलं. ज्याला बोलता येत नाही त्याच्या भीतीलाही आजाराइतकंच महत्त्व देणारी माणसं असतात. मला त्यातलं एक भेटलं.

त्या तीन रात्री घर नुसतं खायला उठत होतं. अंधारात स्वयंपाकघराच्या दाराशी मी पाय उचलून टाकत होते, तो तिथे आडवा पसरलेला असतो म्हणून. तो नव्हता, तरी पाय उचललाच जायचा.

आता तो असतो. सकाळी शेपटी ताठ, तिचं टोक किंचित वाकलेलं, असा समोर येतो आणि म्याव करतो. मोठी मांजरं आपापसांत फारसं म्याव करत नाहीत, ते बोलणं बहुतेक माणसांसाठीच राखलेलं असतं. म्हणजे तो आवाज माझ्यासाठी आहे, हे आता रोज नव्याने जाणवतं. मग पोटावर चढून कणीक मळल्यासारखे पंजे चालवतो, डोळे मिटून, आणि त्याची घुर्रघुर्र माझ्या बरगड्यांपर्यंत पोचते. घरी आल्यावर ट्रेमध्ये पहिल्यांदा लिटरचा ओला, चांगला मोठा गोळा दिसला तेव्हा मी तिथेच जमिनीवर बसून रडले. एवढा आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

कॅरियर माळ्यावर टाकू नका, घरातच उघडं ठेवा, म्हणाला होतात. तसंच ठेवलंय, खिडकीखाली, झाकण काढून, तीच ओढणी अंथरून. काल दुपारी तो आपणहून त्यात जाऊन झोपला. पुढच्या तपासणीला त्याला तसाच घेऊन येते.

तुमची ऋणी,
मन्याची आई