जोकरदादा, थँक्यू. आणि त्या छत्रीसाठी वेगळं थँक्यू

नमस्कार दादा,

तुमचं नाव मला माहीत नाही. इव्हेंटवाल्यांना फोन करून विचारलं तर म्हणे "सर, आर्टिस्टचे डिटेल्स आम्ही शेअर करत नाही", म्हणून असं चारचौघांत लिहितोय, कोणीतरी तुम्हाला दाखवेल. गोरेगावच्या लॉनवरचं ते जुन्या सर्कशीच्या थीमचं रिसेप्शन, तुमच्या तोंडाला पांढरा रंग, अंगात ढगळा कोट, हातात लाल-पिवळी छत्री. ज्या म्हाताऱ्या माणसाला तुम्ही गोळी सोडा पाजलात ते माझे बाबा. आता बरे आहेत. शुगर नॉर्मल, चिडचिड पण नॉर्मल.

खरं तर बाबा हल्ली लग्नांना येतच नाहीत, सर्कस म्हटलं म्हणून आले. लहानपणी सर्कस लागली की आजोबांच्या मागे लागून जायचे, आम्हालाही बांद्रा रेक्लमेशनला घेऊन गेलेत. पत्रिका सर्कशीच्या तिकिटासारखी छापलेली बघूनच खूष. टॅक्सीत पूर्ण रस्ताभर विष्णुपंत छत्रे. १८७९ ला चिआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली, ती बघून सांगलीकडच्या या माणसाने पुढच्याच वर्षी स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, भारतीय माणसाची पहिली. मग पुण्याचे दामू धोत्रे, जे वाघसिंहांचे खेळ करत करत थेट अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीपर्यंत पोचले. मी हो हो करत होतो, ड्रायव्हर मात्र खरंच ऐकत होता.

आणि तिथे जाऊन बघतो तर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा तंबू, फायबरचा हत्ती, पॉपकॉर्नची गाडी, दाढीवाल्या बाईची इंग्लिश पोस्टरं. नवरदेव रिंगमास्टर, उंच काळी हॅट, हातात चाबूक (सासरेबुवांच्या चेहऱ्याकडे मी मुद्दाम बघितलं नाही). दिसायला सगळं भारी होतं, खोटं कशाला बोलू. पण विष्णुपंत छत्र्यांचा एक फोटो नाही की नाव नाही. बाबा सगळी पोस्टरं नीट वाचून आले आणि एवढंच म्हणाले, "यांनी सर्कस बघितलेली नाही."

पत्रिकेत डिनर आठला. साडेनऊ झाले तरी जोडप्याची एंट्री नाही, आणि एंट्री होईपर्यंत काउंटर बंद. बाबांना डायबेटीस आहे. खडीसाखरेची पुडी त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असते, पण त्या दिवशी ड्रेसकोड म्हणून अंगात भाड्याचा पट्ट्यापट्ट्यांचा कोट, आणि त्याचे खिसे नुसते दाखवायचे, वरून शिवून टाकलेले. पुडी घरच्या शर्टात. हात थरथरायला लागले, कपाळावर घाम, बोलणं जड. मी काउंटरवर धावलो, "काहीतरी गोड द्या हो पटकन, शुगर डाऊन झालीय". तो पोरगा म्हणतो मॅनेजरला विचारतो. मॅनेजर वॉकीटॉकीवर. तेवढ्यात हेडसेट लावलेल्या एक मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "सर, अंकलना जरा फ्रेमच्या बाहेर घ्याल का प्लीज, ड्रोन येतोय." हे वाक्य मी विसरणार नाही. आणि आमचे स्वतःचे नातेवाईक, ज्यांच्या प्रत्येक बारशाला-मुंजीला बाबा आहेर घेऊन पोचले, त्यातले दोघंतिघं मोबाईल वर धरून उभे. "काय झालं, काय झालं" सगळे विचारत होते, खुर्ची आणायला कोणी हलेना.

मी मागे वळलो तोवर तुम्ही तिथे पोचला होतात. बाबांना हत्तीच्या त्या रंगवलेल्या स्टुलावर बसवलंत, सजावटीला मांडलेल्या क्रेटमधली गोळी सोड्याची बाटली उचललीत, अंगठ्याने गोळी आत दाबलीत आणि कोणाला काही न विचारता त्यांच्या तोंडाला लावलीत. सावकाश, घोट घोट. बरोबर बुढ्ढी के बाल होते ते पण चिमटीने तोडून भरवलेत.

पण मी आभार मानतोय ते याच्यासाठी नाही, म्हणजे याच्यासाठी पण आहेच. त्यानंतर तुम्ही छत्री उघडलीत आणि बाबांच्या समोर आडवी टेकवलीत. आडोसा. मग त्या सगळ्या मोबाईलवाल्यांकडे तोंड करून उभे राहिलात आणि सुरू झालात, टोपी उडव, ती डोक्यावर झेलायला जा, चुकव, स्वतःच्याच बुटाला अडखळ. सगळे कॅमेरे तुमच्यावर. लोक टाळ्या वाजवायला लागले, त्यांना वाटलं शो चालू झाला. आणि हे सगळं एका हाताने, कारण दुसरा हात तुम्ही पाठीमागे नेला होता आणि बाबांनी तो धरला होता. ते मला दिसलं, मी छत्रीच्या आतल्या बाजूला बसलो होतो. तुमच्या तळहाताला घट्टे होते, आणि अंगठा बाबांच्या मनगटावरून हळूहळू फिरत होता, बाहेर एवढा दंगा चाललेला असताना.

नंतर मी विचारलं तर तुम्ही सहज म्हणालात, "आमच्यात तसंच असतंय. झुल्यावरनं कोण पडलं की पहिला जोकर पळत येतोय. लोकांची नजर हलवायची, तवर पडलेल्याला आत न्यायचं." वीस वर्षं तंबूत काढलीत म्हणालात, आता तंबू बसला म्हणून लग्नं करता. त्या अख्ख्या लॉनवर सर्कस फक्त तुम्हालाच येत होती.

बाबांना घरी आल्यावर पुन्हा छत्रेच आठवले. छत्रे ग्वाल्हेरला हद्दूखाँकडे गाणं शिकलेले, आणि त्यांच्या गुरूचा मुलगा रहिमतखाँ, एवढा मोठा गवई, पुढे अगदी हलाखीत दिवस काढत होता, तर छत्र्यांनी त्याला आपल्याकडे आणलं, सर्कशीबरोबर गावोगाव फिरवलं, त्याच्या मैफली केल्या, त्याला सांभाळलं. मला हे माहीतच नव्हतं. बाबा म्हणाले तंबूवाल्यांचा धर्मच तो, माणूस पडला की उचलायचा, आणि तो पडला होता हे चार लोकांना कळू द्यायचं नाही. मी म्हटलं बाबा, आता झोपा.

त्या हेडसेटवाल्या मॅडम तुम्हाला नंतर जागा सोडली म्हणून बोलत होत्या, ते मी ऐकलं. मध्ये पडणार होतो, तुम्ही डोळ्यांनीच नको म्हणालात. ते मला अजून लागतंय. त्यावरून पैसे कापले असतील तर प्लीज सांगा, मी लग्नघरच्यांशी बोलेन, मामेबहिणीच्या मुलीचंच लग्न होतं, आणि बोलायची मला लाज नाही. तो भाड्याचा कोट परत केला तेव्हा बाहीवर तुमचा पांढरा रंग लागला होता, दुकानदाराने ड्रायक्लीनिंगचे एक्स्ट्रा लावले, ते मात्र मी आनंदाने दिले.

तर हे वाचलंत तर एखाद्या रविवारी घरी या. आम्ही दादरला राहतो. बाबांना तुमच्याशी झुल्यांबद्दल आणि दामू धोत्र्यांबद्दल बोलायचंय, तेव्हा वेळ काढून या. मटण असतं, आणि आमच्याकडे साडेबारा म्हणजे साडेबाराला पानं वाढतात, कोणाच्या एंट्रीसाठी थांबत नाहीत.