आवाहन : वाईतील कुत्र्यांच्या जंतनिर्मूलन मोहिमेस हातभार लावावा

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला असून कुत्र्यांना जंताचे औषध देण्याची आपल्या मंडळाची फेरी सुरू व्हायला हवी; मात्र यंदा औषधखरेदीपुरताही निधी शिल्लक नसल्याने हे निवेदन घाईने करावे लागत आहे.

ही मोहीम आजवर चालली ती आपल्याच माणसांच्या बळावर. पहिल्या वर्षीच्या गोळ्यांचा सगळा खर्च वकीलसाहेबांनी कोठेही नाव येऊ न देता उचलला. गणपती आळीतील बाईंनी निवृत्तिवेतनातून दरमहा रक्कम दिली, आणि त्यांच्या पश्चात मुलींनी ती परंपरा राखली. गोळी लपवण्यासाठी लागणारे पेढे मिठाईवाल्या काकांकडून आजही विनामूल्य येतात. कुत्र्याचा जबडा अलगद उघडून गोळी जिभेच्या मुळाशी कशी ठेवायची, हे आपल्या डॉक्टरांनी मुलांना इतक्या मायेने शिकवले की आता घाटावरची कुत्री या मुलांना पाहून शेपूट हलवत येतात.

असे असूनही गेल्या वर्षी दुसरी फेरी निधीअभावी थांबली तेव्हा कोणी साधी चौकशीही केली नाही, याचे कार्यकर्त्यांना मनापासून वाईट वाटले. ही फेरी टाळता येत नाही, कारण गोलकृमी जातीचे जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात. अंकुशकृमी रक्त शोषतात, आणि पोट फुगलेले, हिरड्या पांढऱ्याफटक पडलेले पिल्लू काही दिवसांत दगावते. विष्ठेतून पडलेली गोलकृमींची अंडी मातीत वर्षानुवर्षे तग धरतात व तेथे खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात, तर अंकुशकृमींच्या अळ्या कृष्णाकाठच्या ओल्या मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेत शिरतात. मटणविक्रेत्या बंधूंना विशेष विनंती आहे की, कच्ची फुप्फुसे व काळीज कुत्र्यांपुढे टाकू नये. त्यातून कुत्र्यांना होणाऱ्या एका पट्टकृमीमुळे माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात.

मोठ्या कुत्र्यांना दर तीन महिन्यांनी, साधारण दहा किलो वजनामागे एक या प्रमाणात गोळी, तर पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी पातळ औषध द्यावे लागते. देणगी रोख किंवा औषधरूपाने कार्यालयात सायंकाळी द्यावी व पावती घ्यावी. पाळीव कुत्र्यांना रविवारी सकाळी वजनासाठी आणावे. वजनकाटा, साखळ्या व दुचाकीसह दोन तास देणारे तरुणही हवे आहेत. औषधाची मागणी या आठवड्यातच नोंदवायची असल्याने कृपया विलंब करू नये.

आपला नम्र,
कार्यवाह