थर पातळ झाला की पॉलिमर मऊ होतेच असे नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या विज्ञान पुरवणीतील लेखात 'थर जितका पातळ, तितके पॉलिमर मऊ' असे सरसकट विधान आले आहे. ते अर्धेच खरे आहे. (पॉलिमर म्हणजे अनेक दुवे जोडून झालेल्या लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ.)

जाड तुकड्यातले पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक साधारण 100 अंश सेल्सिअसला काचेसारखा कडकपणा सोडते. 1994 मध्ये केडी, जोन्स आणि कोरी या संशोधकांनी सिलिकॉनवरचे त्याचे थर तपासले, तेव्हा जाडी 40 नॅनोमीटरच्या खाली गेल्यावर हे तापमान उतरू लागते आणि 10 नॅनोमीटरला ते सुमारे 25 अंशांनी कमी भरते, असे त्यांना आढळले. दोन्ही बाजू हवेला उघड्या असलेल्या, निराधार थरांत पुढे ही घसरण पुष्कळच मोठी निघाली. परंतु याच तिघांनी सिलिकॉनच्या ऑक्साइडवर पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट या दुसऱ्या पॉलिमरचा थर दिला, तेव्हा थर पातळ होताना तापमान उलट थोडे चढले. साखळीच्या हवेलगतच्या दुव्यांना शेजारी कमी असल्यामुळे ते सहज हलतात, तर ऑक्साइडला हायड्रोजन बंधांनी धरलेले दुवे जखडले जातात. थराचे वागणे या दोहोंच्या ओढाताणीवर ठरते.

पातळ थरात साखळ्या चेपून पोळीसारख्या पसरतात, हा समजही तितकासा बरोबर नाही. एक लाख रेणुभाराच्या पॉलिस्टायरीनच्या गुंडाळलेल्या साखळीची त्रिज्या जेमतेम 9 नॅनोमीटर असते, आणि थर तिच्याइतका पातळ केला तरी पृष्ठभागाला समांतर दिशेतला तिचा पसारा जवळपास तेवढाच राहतो, हे थरातून न्यूट्रॉन कसे विखुरतात त्यावरून दिसले आहे. बदलतो तो शेजार: साखळी स्वतःतच अधिक गुरफटते आणि इतर साखळ्यांशी तिचा गुंता कमी होतो.

मी स्वतः असे थर मोजतो. थर थंड होत असताना जाडीच्या आलेखावर दोन सरळ रेषा मिळतात आणि त्या जिथे मोडतात ते हे तापमान. पण अगदी पातळ थरात ती मोड इतकी पसरते की पट्टी कुठे ठेवावी हाच प्रश्न पडतो. त्यात थर नीट सुकवलेला नसेल, तर पॉलिमर विरघळवायला वापरलेले आणि आत उरलेले टोल्यूइन हे द्रावकही त्याला मऊ करते आणि दोष मात्र पातळपणावर जातो.

म्हणून अशा बातम्यांत जाडीच्या आकड्याबरोबर थर कशावर दिला होता आणि तो कसा सुकवला होता, हेही छापावे, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला,
पॉलिमरचा एक अभ्यासक